पेशन्स

रिमोटचे सेल शोधताना ड्रॉवरच्या तळाशी पत्त्यांचा कॅट हाती लागला. घरातले सगळे लग्नाला गेलेले, मी सर्दीचं निमित्त सांगून मागे राहिलेली. मोजली तर 52 पानं भरली, पण इस्पिकची दुर्री लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याची, पेनानं रंगवलेली. टीव्ही राहिला बाजूला. चादर सारखी केली आणि पेशन्सचे, म्हणजे एकट्यानं खेळायच्या डावाचे, सात ढीग मांडले. 28 पानं खाली, 24 हातात. बाकी सांगायला नकोच.

हा खेळ आत्याचा. मे महिन्यात दुपारी राजापूरचं अख्खं घर आमरस ओरपून घोरत असायचं, आणि आत्या पडवीत चटईवर एकटीच डाव मांडून बसायची. मी शेजारी पालथी पडून नाक खुपसायची. "काळी नव्वी लाल दश्शीवर लाव ना!"

"गप गो. एकटीचा खेळ आहे हा."

डाव अडला की ती खुशाल उपड्या पानाचा कोपरा उचलून बघायची. मी ओरडायचे, "आत्या, तू लबाडी करतेस!"

"कुणाशी गो?"

याला माझ्याकडे अजूनही उत्तर नाही. मी स्वतः लबाडी करत नाही, पण त्यात सद्गुण वगैरे काही नाही. ती पुठ्ठ्याची दुर्री कुठे दडलीय ते तिच्या पाठीवरूनच कळतं, आणि मी मात्र ते माहीत नसल्याचा चेहरा करून खेळते. तो चेहरा बघायला खोलीत चिटपाखरूही नसतं.

आणखीही एक खोड कळली. पंजी वर, एक्क्यापासून चढत जाणाऱ्या ढिगात, लावता येत असली तरी मी ती खालीच धरून ठेवते, लागेल कधीतरी म्हणून. ओट्याखाली श्रीखंडाचे रिकामे डबे साठलेत ते याच हिशेबानं. चारचौघांत असते तेव्हा मी दिलदार म्हणून प्रसिद्ध आहे.

1990 साली हा खेळ 'सॉलिटेअर' नावानं कंप्युटरच्या विंडोज 3.0 मध्ये आला. माउसनं वस्तू उचलून सरकवायची सवय लोकांना लागावी म्हणून, असं सांगतात. सवय लागली खरी. किती कचेऱ्यांतल्या किती फायली त्यापायी खोळंबल्या असतील, देव जाणे. आत्याचं कोपरा उचलणं तिथं 'अनडू' नावानं अधिकृतच झालं. पण फोनवरचा डाव मला मानवत नाही. तो वेळ मोजतो, गुण देतो, मधेच जाहिरात दाखवतो. म्हणजे पुन्हा कोणीतरी बघतंय ते आहेच.

आपले बाकीचे डाव माणसांवर चालतात. झब्बूला घोळका लागतो, मेंढीकोटला चौघं. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफाची 120 पानं असतात, तिलाही तिघं लागतात. त्यामुळे एकटं खेळणारं माणूस दिसलं की आपल्याकडे लगेच त्याची कीव येते. आमच्या घरी आत्याला सगळे 'बिचारी' म्हणायचे. चार वाजता चहा झाला की काका हाक मारायचे, "ये गो, एकटी काय बसलीस!" मग ती अर्धा लागलेला डाव मोडायची, कॅट गोळा करून पिसायची आणि आमच्यात येऊन बसायची. तिला यायचं होतं की नाही, कुणीच विचारलं नाही. आम्हाला चौथा गडी हवा असायचा.