बी.कॉम. झाल्यावर परत बॅचलर कसं केलं? तुम्ही विचारलंत म्हणून

"ताई, एक पदवी हातात असताना तुम्ही परत पहिल्या वर्षाला कशा काय बसलात? चालतं का तसं? आणि थेट एमसीए का नाही केलं?" हळदीकुंकवाला, बँकेच्या रांगेत, भुसावळच्या गाडीत हे मला इतक्यांनी विचारलंय की आता लिहूनच टाकते.

चालतं. एका पदवीनंतर दुसऱ्या विषयात बॅचलर करता येतं. मी बी.कॉम.नंतर बीसीए, म्हणजे संगणकाची बॅचलर पदवी, केली. लोकांचा गोंधळ होतो तो एकाच वेळी दोन पदव्या करण्यावरून. ती मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये दिली. दोन्ही वर्ग प्रत्यक्ष असतील तर वेळा एकमेकींवर येता कामा नयेत. एक प्रत्यक्ष आणि एक दूरस्थ, किंवा दोन्ही दूरस्थ, असंही चालतं. एक संपवून दुसरी करणाऱ्याचा या नियमाशी संबंध नाही.

मी का केलं, ते सांगते. बी.कॉम. झाल्यावर जळगाव जिल्ह्यातल्या सावद्याला एका केळी व्यापाऱ्याकडे हिशेबाला लागले. हंगामात दिवसाला शंभरावर काटापावत्या टेबलावर यायच्या. गाडी नंबर, गाव, शेतकऱ्याचं नाव, क्विंटल, भाव, हमाली. या पट्ट्यात अर्ध्या गावाचं आडनाव पाटील, उरलेल्यांचं चौधरी नाहीतर महाजन. एकच पाटील आमच्या वहीत पाच तऱ्हांनी असायचे: आडनाव आधी, आडनाव नंतर, वडिलांचं नाव घालून, नुसतं 'पाटील चिनावल', आणि एका पावतीवर मापाड्याने लिहिलेलं 'आबा'. संगणक आला तेव्हा आम्ही हीच वही एक्सेलमध्ये उतरवली, पाचही नावांसकट. एकदा एका शेतकऱ्याचे पैसे त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाच्या खात्यावर गेले. ज्याचे होते तो दोनदा येऊन रिकाम्या हाताने परतला. घरी लग्न होतं त्याच्या. खाली मान घालून जिना उतरणारा तो माणूस मला अजून दिसतो. नोंद मी केली होती, बेरीज बरोबर होती, तरी पैसे चुकले. चूक कुठे आहे हेच मला कळत नव्हतं, आणि बी.कॉम.मध्ये ते कुणी शिकवलं नव्हतं.

ते शिकवणाऱ्या विषयाला मॅनेजमेंट इन्फर्मेशन सिस्टीम्स म्हणतात. धंद्यातली माहिती कशी नोंदवायची, कुठे ठेवायची आणि निर्णय घेणाऱ्यापर्यंत वेळेवर, बिनचूक कशी पोचवायची, याचं शास्त्र. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तो बीबीए, बीसीए किंवा एमबीएतला एखादा पेपर असतो. त्याच नावाची अख्खी बॅचलर पदवी अमेरिकेत सर्रास मिळते. इथे जवळचा रस्ता म्हणजे बीसीए. मी तो इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ), नोकरी सांभाळून केला. आई अमळनेरची. अहिराणीत म्हणाली, "आते परत कसाले शिकस वं माय?" पण पहिल्या वर्षाची फी तिनेच दिली.

एमसीए हे संगणकाचंच, दोन वर्षांचं, पदव्युत्तर, पगाराच्या दृष्टीने उजवं. ज्याला बढती हवी आणि गणिताची भीती नाही, त्याने तेच करावं, असं मी आजही सांगते. माझा पायाच कच्चा होता. बारावीला गणित नव्हतं, प्रोग्रामिंग ऐकूनही माहीत नव्हतं. बीसीएच्या पहिल्या वर्षातला गणिताचा पेपर मी भाचीच्या अकरावीच्या पुस्तकावरून तयार केला. डेटाबेसच्या पेपराने मात्र डोळे उघडले. १९७० मध्ये एडगर कॉड यांनी मांडलेली रिलेशनल पद्धत: एक गोष्ट एकाच तक्त्यात, एकदाच लिहायची, आणि बाकी सगळीकडे तिचा फक्त क्रमांक वापरायचा. नाव ही ओळख नव्हेच. त्या रात्री मी आमच्या वहीतल्या शेतकऱ्यांना खाते क्रमांक द्यायला बसले.

आता कागद. दुसऱ्या बॅचलरलाही प्रवेश बारावीवरच मिळतो, पहिल्या पदवीवर नाही. त्यामुळे दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका लागतातच. नियमित महाविद्यालयात जायचं तर शेवटच्या महाविद्यालयाचा टी.सी., विद्यापीठ बदलत असेल तर स्थलांतर प्रमाणपत्र, मध्ये वर्षं गेली असतील तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. एका महाविद्यालयाच्या खिडकीवर मला बारावीनंतरचा टी.सी. मागितला होता. तो बी.कॉम.ला प्रवेश घेतानाच जमा झालेला असतो, हे समजावण्यात दोन दुपारी गेल्या. माझ्या पदवीवर नुसतं 'उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ' आहे, कवयित्री बहिणाबाई चौधरींचं नाव २०१८ मध्ये जोडलं गेलं. विद्यापीठ तेच, जळगावचं. त्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र काढायला धावू नका.

माझ्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट आता आहे. २०२४-२५ पासून बीसीए, बीबीए हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, कक्षेत आले आणि महाराष्ट्रात त्यांची वेगळी सीईटी (प्रवेश परीक्षा) सुरू झाली. म्हणजे तिशीतल्या माणसालाही अठरा वर्षांच्या पोरांबरोबर परीक्षा द्यावी लागू शकते. महाविद्यालय ठरवण्याआधी हे विचारून घ्या.

आधीचे पेपर वजा होतील का, हे तर सगळेच विचारतात. अॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्समध्ये, म्हणजे पास झालेल्या पेपरांचे श्रेयांक (क्रेडिट) साठवणाऱ्या ऑनलाइन खात्यात, २०२१-२२ पासूनचे श्रेयांक जमा होतात आणि सात वर्षं टिकतात. त्याआधी पदवी घेतलेल्यांनी तिच्यावर विसंबू नये. मी अकाउंटन्सीचा पेपर निमूट पुन्हा दिला.

पैशांचं मात्र नीट ऐका, कारण यात गरीब घरची पोरं फसतात. भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच स्तरावरच्या दुसऱ्या पदवीला मिळत नाही. बी.ए. झाल्यावर बी.कॉम. करणाऱ्याला नाही, तसंच बी.कॉम.नंतर बीसीए करणाऱ्यालाही नाही. पूर्ण फी खिशातून जाईल असं धरूनच चला. कुणी "फॉर्म भर, येतील पैसे" म्हणालं तर ऐकू नका.

अमेरिकेत जाऊन करायचं म्हणणारेही भेटतात. तिथे बॅचलर साधारण १२० क्रेडिटचं. दुसऱ्या पदवीसाठी अनेक विद्यापीठं किमान ३० नवी क्रेडिट त्यांच्याच इथे करायला लावतात, आणि अकाउंटिंग, अर्थशास्त्र, संख्याशास्त्र आधी झालेलं हवं असतं. आपली तीन वर्षांची पदवी सगळीकडे चार वर्षांच्या बरोबरीची धरत नाहीत. आणि तिथल्या बॅचलरवर शिक्षणानंतरचा कामाचा परवाना एकदा वापरला असेल, तर तिथेच त्याच स्तरावरची दुसरी पदवी घेऊन तो पुन्हा मिळत नाही. एवढा खर्च करायचाच असेल तर तिथे मास्टर्स करा.

परवा यावलहून एक मुलगी आली होती. बी.ए. झालेली, सोसायटीत क्लार्क. तिला मी आधी घरी जाऊन बारावीची मूळ गुणपत्रिका शोधायला सांगितलं. माझी आईच्या लोखंडी कपाटात, साड्यांच्या तळाशी सापडली होती.