तुम्ही विचारलंत म्हणून: त्या परीक्षणातला पायलट

"'द बोर्न सुप्रीमसी'ला तुम्ही परीक्षणात एवढं का झोडपलं होतंत?" बेतीच्या फेरीबोटीत विचारून झालंय, लग्नाच्या पंगतीत विचारून झालंय, इफ्फी या चित्रपट महोत्सवाच्या रांगेत तर दरवर्षी कुणीतरी भेटतोच. वर ते हसू: जगाने वाखाणलेला हेरपट, त्याची सुरुवात आपल्या गोव्यात, आणि नाक मुरडायला नेमका गोंयकारच सापडावा!

तर एकदाचं सांगतो. मी एकटा नव्हतो. २००२चा पहिला भाग डग लायमनचा. २००४च्या दुसऱ्याला पॉल ग्रीनग्रास आला, कॅमेरा हातात धरून गर्दीत घुसणारा गडी. वेग बहुतेक समीक्षकांना आवडला, मॅट डेमनही आवडला. पण मारामारीत कोण कुणाला मारतंय ते कळत नाही, डोकं गरगरतं, अशी तक्रार तिकडेही अनेकांनी केली होती. पुढे २००७च्या तिसऱ्या भागाला संकलनाचं ऑस्कर मिळालं तेव्हा मला फोन आले. खवचट. अहो, ऑस्कर मिळालं म्हणून माझी मळमळ खोटी ठरते का?

पुढचं मात्र कुणी विचारत नाही.

मी लिहिलं होतं, "दिग्दर्शकाने कॅमेरा पायलटच्या मागे बसवून पावसाळ्यानंतरच्या खड्ड्यांतून फिरवलेला दिसतो." पायलट म्हणजे आमच्याकडचा मोटारसायकल-टॅक्सीवाला. वाक्य सुचलं तेव्हा स्वतःवरच खूश झालो होतो.

माझा धाकटा मामा पायलट. काळी-पिवळी मोटारसायकल. शूटिंगच्या वेळी दोन दिवस त्याला गाडीसकट घेतलं होतं, पाठलागाच्या रस्त्यावरून नुसतं ये-जा करायला. सिनेमा लागला तेव्हा त्याने अख्खा वाडा पणजीला नेला. बावीस जण, तिकिटं त्याच्या खिशातून. पाठलाग सुरू झाला. नायकाची मैत्रीण मारी गाडी चालवायला बसली, गोळी तिला लागली, जीप पुलावरून नदीत. मामा कुठेच नाही. मामी पुढे वाकून बघत राहिली. तोवर नायक गोवा सोडून गेलासुद्धा.

त्यानंतरच्या रविवारी माझं परीक्षण आलं. मामा कात्रण शर्टाच्या खिशात घालून घरी आला. आईने चहा दिला. कात्रण माझ्यापुढे ठेवून एवढंच म्हणाला, "मदीं पायलट कित्याक हाडलो रे?" मध्ये पायलट कशाला आणलास?

मी समजावू लागलो. उपमा आहे, टीका कॅमेऱ्यावर आहे, पायलट लोकांवर नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. चहा तसाच ठेवून उठला. गाडी सुरू होताना दोनदा बंद पडली. मी खिडकीपाशी गेलो नाही.

नंतर कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की त्या कॅमेऱ्याने मामाला गिळलं म्हणून मी चिडलो होतो. साफ खोटं. लिहिताना मामा आठवलाही नव्हता. मोठ्या सिनेमाला चार ओळींत लोळवायचं होतं, आणि पायलट हाताशी होता.

पुढे डीव्हीडी आली. मामाने एके ठिकाणी चित्र थांबवलं. एक पुसट रेघ, कडेला पिवळा डाग. "हांव," तो म्हणाला. म्हणजे 'मी'. मी मान डोलावली. तो डाग मामाच होता, हे शपथेवर नाही सांगता येणार.

आता कधी वाटतं, ग्रीनग्रासचंच बरोबर. जीव मुठीत घेऊन पळणाऱ्याला रस्त्यावरचा पायलट असाच दिसणार, रेघ आणि डाग. मग वाटतं, पण आम्ही कुठे पळत होतो? आम्ही तिकीट काढून बसलो होतो.

पायलटचं वाक्य आज काढून टाकेन. बाकीचं बहुधा ठेवेन. गेल्या पावसाळ्यात सिनेमा पुन्हा लावला, तर अजिबात गरगरलं नाही. पण टीव्ही लहान होता.