मेडिकलच्या काउंटरवरची तेलुगू आणि कानडी

साताऱ्याहून सोलापुरात आले ती मेडिकलमधल्या नोकरीसाठी. दुकान पूर्व भागात. मागांच्या कामासाठी येऊन पिढ्यान्‌पिढ्या इथलीच झालेली पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर कुटुंबं आजूबाजूला, त्यामुळे गल्लीत तेलुगूच जास्त ऐकू येते. अक्कलकोटकडून दवाखान्याला येणारे कानडी बोलतात. मराठी बहुतेकांना येते, पण दुखणं सांगायची वेळ आली की म्हाताऱ्या माणसांना घरचीच भाषा सुचते.

मी आधी मोबाइलवर रोजची वाक्यं शोधली. नमस्कार, धन्यवाद, माझं नाव अमुक. काउंटरवर यातलं काहीच चालत नाही. गोळ्या घेतल्यावर धन्यवाद कोण म्हणतं? मग उलट केलं. दिवसभर मी मराठीत काय बोलते तेच वहीत उतरवलं. कुठं दुखतंय, किती दिवस झाले, जेवलात का, शुगरची गोळी चालू आहे का. फिरून फिरून एवढंच! सोबतच्या मुलीकडून त्याची तेलुगू घेतली, समोरच्या चहावाल्या अण्णांकडून कानडी, आणि सगळं देवनागरीत, कानाला ऐकू आलं तसं लिहिलं. अण्णांनी पहिल्याच दिवशी बजावलं, शेवटी आदराचं ‘री’ लावायचं. नुसतं ‘ऊटा आतु?’ नाही, ‘ऊटा आतेन्री?’, म्हणजे जेवण झालं का.

प्रश्न आठवड्याभरात तोंडात बसले. खरी पंचाईत उत्तराची. आपण तेलुगूत एक वाक्य टाकलं की समोरची बाई धबधब्यासारखी सुरू होते. म्हणून आकड्यात किंवा बोटाने उत्तर देता येईल असेच प्रश्न ठेवले. ‘एन्नि रोजुलु?’, म्हणजे किती दिवस, विचारलं की ओकटि, रेंडु, मूडु यातलंच काही येतं. ‘एक्कड नोप्पी?’ म्हटलं की हात आपोआप दुखऱ्या जागी जातो. कानडीतले ओंदु, एरडु, मूरु त्याच दिवसांत पाठ केले. दोन्हीकडचे आकडे एकमेकांच्या इतके जवळचे आहेत की सुरुवातीला गोंधळ उडतो आणि नंतर त्याचाच फायदा होतो.

विडी कामगार बायकांशी सूर जुळला तो ‘नडुमु नोप्पी?’ या दोन शब्दांनी. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने, त्यामुळे मांडीवर सूप घेऊन तासन्‌तास वाकून बसायचं. कंबर दुखणारच. आधी चिठ्ठी सरकवून गप्प उभ्या राहणाऱ्या अक्का आता खोकला किती दिवसांचा, गोळी मध्येच का सोडली, हेही सांगतात. अर्धं कळतं, अर्धं सोबतच्या मुलीला विचारते. माझे उच्चार त्या बिनधास्त दुरुस्त करतात, शेजारणीला हाक मारून ऐकवतातही.

तरुणांशी मात्र मी मराठीतच बोलते. इथेच जन्मलेल्या, मराठी शाळेत शिकलेल्या मुलीला बघून ‘बागुन्नारा?’ (बऱ्या आहात ना?) म्हणणं म्हणजे तिला परकं ठरवणं. तिने आधी तेलुगूत सुरुवात केली तर गोष्ट वेगळी.

डोस मात्र वाक्यांच्या भरवशावर सोडत नाही. कोणती गोळी कधी, हे पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून दाखवते, मग त्यांच्याकडून एकदा वदवून घेते. इन्सुलिन पहिल्यांदाच सुरू होत असेल तर सरळ भाषा येणाऱ्या माणसाला बोलावते. तिथे हौस उपयोगाची नाही. याच सोलापूरचे डॉ. कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, चिनी शिकले, १९४२ मध्ये तिथेच वारेपर्यंत त्या भाषेत रुग्णांशी बोलत राहिले. पण ते भाषा शिकले होते. माझ्याजवळ आहेत ती वहीभर वाक्यं, आणि काउंटरपुरती ती पुरतात.

सध्या वहीत गोरमाटीचं, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीचं पान सुरू झालंय. मुळेगाव तांड्याकडची एक आजी महिन्याला बीपीच्या गोळ्या न्यायला येते. तिला ‘याडी’, म्हणजे आई, म्हणायचं एवढं कळलंय. जेवलीस का, हे कसं विचारायचं ते तिच्या नातवाने पुढच्या खेपेला सांगतो म्हटलंय.