एक स्लॅब, दोन मस्टर

मजूर सहकारी संस्थेचा सचिव म्हणून मला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत स्लॅब पुष्कळ पाहिले, पण फेब्रुवारीतल्या त्या एका शाळेच्या स्लॅबने आमच्या संस्थेचा मस्टरच, म्हणजे मजुरांच्या हजेरीचा आणि मजुरीचा पटच, बदलला.

जिल्हा परिषदेची छोटी कामं ठरलेल्या प्रमाणात वाटली जातात: ३३ टक्के सुशिक्षित बेरोजगार अभियंत्यांना, ३३ टक्के मजूर संस्थांना आणि ३४ टक्के खुल्या ठेकेदारांना. शाळेच्या दोन खोल्या दोन वेगळी कामं म्हणून वाटपात निघाल्या. एक आमच्या वाट्याला आली, दुसरी पलीकडच्या खोऱ्यातल्या संस्थेला गेली. वर्क ऑर्डर दोन, झालेल्या कामाची मापं लिहायची मोजमाप पुस्तकं दोन. खोल्या मात्र एकमेकींना चिकटून, मधली भिंत एक आणि वरचा स्लॅबही एकच.

शाखा अभियंता मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दोघांनी दोन दिवशी टाकलात तर भिंतीवर सांधा राहील, आणि आपल्याकडचा पाऊस तो सांधा बरोबर शोधून काढेल. मिळून एका दिवसात टाका."

दुसऱ्या संस्थेचे चेअरमन वयाने मोठे, सगळे त्यांना आबा म्हणतात. आम्ही शाळेच्या ओट्यावर बसून हिशेब मांडला. व्हरांडा धरून हजार चौरस फूट, जाडी पाच इंच, बीमसकट पंधरा घनमीटर काँक्रीट. एम-२० प्रतीचं काँक्रीट म्हणजे सिमेंट, वाळू, खडी एकास दीडास तीन, घनमीटरला आठ पिशव्या, एकूण १२० पिशव्या सिमेंट. साठ त्यांच्या, साठ आमच्या. मिक्सर ज्याचा त्याचा. मोजमापाला हद्द मधल्या भिंतीच्या मध्यावर. आबा उठता उठता म्हणाले, "सचिव, आपल्या आज्यांनी सावडीवर शेतं लावली, आपण सावडीवर स्लॅब टाकू." मला ते फार आवडलं. मजुरीचं काय, हे मात्र दोघांपैकी कुणीच काढलं नाही. ज्याचे मजूर त्याने बघावं, असं मी धरून चाललो होतो. सावडीत माणसाच्या बदली माणूस जातो, तिथे दराचा प्रश्नच येत नाही. आमच्या कामात तो होता.

सकाळी साडेसातला नारळ फोडला. दोन बाजूंना दोन मिक्सर, दोन टोकांकडून सुरुवात, आणि भेटायचं मधल्या भिंतीवर. एक वाजेपर्यंत नव्वद पिशव्या संपल्या होत्या. तीनला स्लॅब पुरा होईल, असा माझा अंदाज होता.

एक वाजून वीस मिनिटांनी आमच्या मिक्सरमधून कडकड आवाज आला आणि ड्रम थांबला. ड्रम फिरवणाऱ्या पिनियनचे, छोट्या दातेरी चाकाचे, दात उडाले होते. तो भाग तालुक्याच्या गावालाही मिळत नाही.

स्लॅब न टाकलेल्या माणसाला ही वेळ कळणं अवघड आहे. काँक्रीटची कड उघडी असते. सिमेंट अर्ध्या-पाऊण तासात आवळायला लागतं, फेब्रुवारीतल्या उन्हात त्याहून लवकर. नवा माल त्या कडेला वेळेत भिडला नाही तर तिथे सांधा पडतो. वरून गिलावा केला तरी आत दोन तुकडे ते दोनच राहतात. आता कडा दोन होत्या आणि मिक्सर एक. तोही त्यांचा.

त्यांचा एक गवंडी म्हणाला, "आधी आमची खोली पुरी करू, मग तुमची." त्याचं चुकत नव्हतं. मोजमाप पुस्तकात त्याची खोली वेगळीच होती. आबांनी स्लॅबवर चढून दोन्ही कडा हाताने चाचपल्या आणि खाली ओरडून सांगितलं, "दहा घमेली इकडं, दहा तिकडं. गोणपाटं भिजवून कडेवर टाका." आमच्या उरलेल्या पिशव्या, वाळू, खडी सगळं त्यांच्या मिक्सरकडे ओढून नेलं. बायकांच्या दोन रांगांची एक रांग झाली. मिक्सरपासून शिडीपर्यंत आणि शिडीवरून वर, आमची एक, त्यांची एक, अशा मिसळून उभ्या राहिल्या. भरलेलं घमेलं हातोहात वर जायचं, रिकामं दुसऱ्या बाजूने भिरकावत खाली यायचं. दोन्हीकडे व्हायब्रेटर चालू होते. मी पिशव्या मोजत होतो, आणि दर वीस मिनिटांनी वर जाऊन कडेवर अंगठा दाबून पाहत होतो. अंगठा रुतला की जीव भांड्यात पडायचा.

साडेपाचला शेवटचं घमेलं मधल्या भिंतीवर पडलं. दोन्हीकडचा माल ओला असतानाच एकजीव झाला. मॅडमनी काँक्रीटची ताकद तपासायला क्यूबचे साचे भरून घेतले. मी पाठीवर थापा घेत, देत फिरत होतो.

मग चहा झाला आणि मी मस्टर उघडला.

आमच्या आक्का, संस्थेच्या पहिल्या अकरा सभासदांपैकी एक, टेबलासमोर आल्या आणि हात मागे घेऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "सही नाही करायची मी."

"का हो आक्का?"

"माझ्या म्होरं दिवसभर त्यांची बाई उभी होती. तिच्याकडनं घमेलं घेतलं, वर दिलं. तिची हजेरी पाचशे. माझी चारशे. घमेलं तर त्येच हुतं."

त्यांच्या संस्थेत घमेल्याला एकच दर होता, बाई असो की बाप्या. आमच्याकडे पुरुषाला पाचशे, बाईला चारशे. वर्षानुवर्षं असंच होतं आणि मीच ते लिहीत होतो. समान वेतनाचा कायदा १९७६ सालीच झाला होता. मला तो माहीत होता. मी पुटपुटलो, "आक्का, ठराव तसा आहे."

"ठराव कुणी केला? आमी शंभर-शंभर रुपयं भरून सभासद झालोय का फकस्त घमेलं उचलायला?"

चौदा बायका होत्या. एकीनेही सही केली नाही. फरक होता चौदाशे रुपयांचा. आदल्या आठवड्यात सेंट्रिंगच्या प्लेटांच्या भाड्यावर मी याहून जास्त सोडून दिले होते. हे लिहितानाही मला त्याची लाज वाटते.

आबा हे सगळं ऐकत होते. मध्ये बोलले नाहीत, आणि बरं केलं. नंतर जीपकडे जाताना त्यांनी केरळातल्या उरालुंगल सोसायटीची गोष्ट सांगितली. चौदा मजुरांनी १९२५ साली काढलेली ती संस्था आज राष्ट्रीय महामार्गाची कामं करते. "मोठं व्हायचं असलं तर मस्टरपासून व्हावं लागतं," एवढं बोलून ते गेले.

त्या संध्याकाळी चौदाशे रुपये दिले. आठ दिवसांनी विशेष सभा घेतली. दोन गवंडी तावातावाने बोलले, बायकांना वाढवलं तर आमचं कमी होईल म्हणून. मी बिलाचे आकडे फळ्यावर मांडले. कुणाचं काही कमी होत नव्हतं. ठराव मंजूर झाला. आक्कांनी तो दोनदा वाचून घेतला आणि "घमेलं" हा शब्द घालायला लावला. मी आधी "अकुशल कामगार" लिहिलं होतं.

दोन्ही संस्था मिळून काम करताना आता आधी कागद होतो: मस्टर एक, दर एक, मिक्सर बंद पडला तर दुसऱ्याचा ताशी भाड्याने, सिमेंटचा हिशेब त्याच संध्याकाळी. मोजमाप पुस्तकं अजून दोनच असतात, ती कार्यालयाची रीत. मस्टरवर पूर्वी पुरुष आणि स्त्री असे दोन रकाने होते. आता गवंडी, सळया बांधणारा फिटर, घमेलं असे तीन आहेत.

दिवाळीनंतर त्याच खोऱ्यात अंगणवाडीचं काम मिळून घेतलं. सकाळी मिक्सर सुरू करायला दोरी गुंडाळली, तेवढ्यात आक्कांनी हात वर केला. "थांब. आधी दर वाचून दाखव, त्यांच्या बायकांनाबी ऐकू दे." मी मस्टर उघडून मोठ्याने वाचला. मग त्यांनी पदर खोचला आणि रांगेत पहिल्या उभ्या राहिल्या.