मॉरिशसमध्ये घर अदलाबदल: आधी टाकी विचारा, मग समुद्र

सुट्टीत ते आपल्या घरी, आपण त्यांच्या घरी, अशा अदलाबदलीसाठी घर शोधताना बहुतेकांचा पहिला प्रश्न असतो, समुद्र किती मिनिटांवर? तो नकाशावरही दिसतो. घरमालकाला विचारायचं ते वेगळंच.

आधी बाजू ठरवा. जून ते सप्टेंबर हा तिथला हिवाळा आणि तेव्हा आग्नेयेकडून सतत वारा येतो. पूर्वेला बेल मारच्या बाजूला अंगणात बसून जेवण्याचं चित्र रंगवलं असेल तर पोळ्या उडतील. त्या महिन्यांत पश्चिमेला फ्लिक-आं-फ्लाक किंवा तामारँ बरं. मधल्या पठारावरचं क्युरपिप साधारण ५५० मीटर उंच आहे. तिथे पाऊस जास्त, रात्री स्वेटर लागतो आणि कपाटांना बुरशी येते. उन्हाळ्यात मात्र तेच घर सुखाचं.

आता पाणी. पावसाळ्याआधी, साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, धरणं खाली जातात आणि बऱ्याच भागांत नळाला ठरावीक तासच पाणी येतं. टाकी किती लिटरची, गच्चीवर की जमिनीवर, पंपाचा खटका कुठे, हे फोटोसकट मागवा. हजार लिटर चार माणसांना जेमतेम दोन दिवस पुरतं. बागेतला पाइप चालू राहिला तर तासाभरात संपतं. टाकी जमिनीवर असेल आणि पंपाला आपोआप बंद व्हायची सोय नसेल, तर टाकी रिकामी झाली तरी पंप फिरत राहतो, पाण्याविना तापतो आणि त्याचं सील जळतं. म्हणून नळ फुसफुसायला लागला की पहिलं काम पंप बंद करणं, मग टाकीत डोकावणं. पाणी परत आल्यावर सगळ्यात खालचा नळ उघडून हवा जाऊ द्या, मगच शॉवर.

गरम पाण्याला बहुतेक ठिकाणी सोलर. दुपारी ते भाजण्याइतकं तापतं, त्यामुळे आधी गार नळ सोडा. दोन दिवस ढगाळ गेले की कोमट. आत विजेची कॉइल असते का आणि तिचं बटण कोणतं, ते विचारून ठेवा. रात्रभर चालू राहिली तर बिल मालकाच्या माथी. बिलावरून खरी कुरबूर होते ती एसीमुळे. दीड टनाचा एसी रात्रीचे आठ तास चालला की दहाएक युनिट सहज जातात. आठवड्याला किती युनिट मोफत आणि पुढचे पैसे कोणाचे, हे लेखी ठरवा. पोचल्यावर आणि निघताना मीटरचा फोटो काढा.

वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची, पण सॉकेट इंग्रजी चौकोनी तीन पिनांचे आणि फ्रेंच गोल दोन पिनांचे, दोन्ही एकाच घरात. दोन पिनांचा मोबाइल चार्जर फ्रेंच सॉकेटमध्ये चालतो. मिक्सरच्या तीन गोल पिनांना अडॅप्टर लागतो.

नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत चक्रीवादळांचा मोसम. इशाऱ्याचे १ ते ४ असे वर्ग असतात. जानेवारी २०२४ मधल्या बेलाल वादळात पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या, म्हणून 'बघू उद्या' नको. वर्ग १ लागला की पिण्याचं पाणी भरा, पॉवर बँक चार्ज करा, अंगणातल्या खुर्च्या आत घ्या. खिडक्यांच्या लोखंडी किंवा लाकडी झडपा कशा लावायच्या ते मालकाने व्हिडिओ करून द्यायला हवं, कारण गंजलेली कडी ऐन वाऱ्यात हलत नाही. वर्ग ३ ला घराबाहेर पडायचं नाही. वीज गेली की पंपही गेला, म्हणून बादल्या आधीच भरा. वारा अचानक थांबला तर ते वादळाचं केंद्र असू शकतं. उलट दिशेने पुन्हा येतो.

स्वयंपाकघरात आपला गुन्हा एकच: हळद. पांढऱ्या ओट्यावरचा डाग लगेच पुसा, त्यांच्या लाकडी फळीवर ओली हळद चिरूच नका. कढीपत्ता, फळं, बिया विमानाने नेऊ नका, परवान्याशिवाय जप्त होतात. बाजारात कढीपत्ता 'कारीपुले' म्हणून मिळतो. गॅसचं सिलिंडर १२ किलोचं, रिकामं देऊन दुकानातून भरलेलं घ्यायचं. रेग्युलेटर कसा काढायचा ते आधी बघून ठेवा. बऱ्याच घरांना सेप्टिक टँक असते, त्यामुळे ओले वाइप्स, तेल आणि अॅसिड नको.

गाडी अदलाबदलीत असेल तर विम्यात तुमचं नाव घालून घ्या. नुसती चावी पुरेशी नाही. खेड्यांत संध्याकाळनंतर बस मिळणं कठीण. महाशिवरात्रीच्या आधीचे काही दिवस गंगा तलावाकडे पायी जाणाऱ्यांनी रस्ते भरलेले असतात, त्या दिवसांत विमानतळाला जास्त वेळ ठेवा. गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. तिथला मराठी समाज मोठ्या उत्साहाने विसर्जन करतो, तेव्हा दुकानं बंद धरूनच चाला.

तुमच्या घरी मॉरिशसचे घरमालक येणार असतील तर एक काम तुमच्याच नावावर आहे. परदेशी पाहुणा घरी राहिला की २४ तासांत त्याची ऑनलाइन नोंद करायची, जिला सगळे फॉर्म सी म्हणतात. पासपोर्ट आणि व्हिसाच्या प्रती ते निघण्याआधीच मागवा. सोसायटीला लेखी कळवा, वॉचमनला नावं द्या, आणि पार्किंगची जागा कोणती ते स्पष्ट लिहून ठेवा, नाहीतर पहिल्याच रात्री समोरच्या काकांचा फोन मॉरिशसला येईल. तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असतं.