सेंट जॉनचे नाइट : लाल अंगरख्यावरचा पांढरा क्रूस एकदाचा जमला

जमलं! मागच्या अपडेटमध्ये लालवर रंगवलेला क्रूस गुलाबी पडला होता, तो आता चक्क पांढरा दिसतोय. तोच आपला ५४ मिमीचा छोटा पुतळा: हॉस्पिटलर, म्हणजे सेंट जॉनच्या धर्मयोद्धा पंथाचा नाइट, सीरियातल्या क्रॅक दे शेव्हालिए किल्ल्याच्या तटावरचा, १२७१, मामलुक सुलतान बायबर्सचा वेढा पडलेला.

दुखणं तुम्हाला ठाऊक आहे. लालवर पांढऱ्याचा पातळ हात दिला की खालचा लाल डोकावतो, जाड दिला की चुण्या बुजतात. ‘एका हातात झाकतो’ म्हणून एका ऑनलाइन दुकानाने गळ्यात मारलेला पांढरा तर निव्वळ दुधाळ पाणी.

शेवटी क्रमच उलटवला. तपकिरी प्रायमर (रंगाआधीचा पाया), क्रूसाच्या जागी आधी हस्तिदंती, त्यावर करडसर पांढरा, आणि मग लाल बाहेरून कापत आत आणला. लालच्या खाली पिवळसर ऑकर हवाच. काळ्या प्रायमरवर लाल मातकट पडतो. खरी मेख पट्ट्याच्या वरच्या घडीत होती. उभी पट्टी तिथे सरळ ओढली की क्रूस स्टिकरसारखा दिसतो. म्हणून ती घडीबरोबर वळवली, खोलात करडा ठेवला आणि शुद्ध पांढरा फक्त चुणीच्या माथ्यावर. ब्रश १ नंबरचा, कोलिन्स्की केसांचा. तीन शून्यवाल्या बारीक ब्रशांच्या नादी लागू नका, रंग टोकावरच वाळतो.

किटच्या डब्यावर हाच लाल गडी हत्तीनच्या लढाईत, म्हणजे ११८७ मध्ये, लढताना दाखवलाय. छे! युद्धात लाल अंगरखा घालायची मुभा पोप चौथ्या अलेक्झांडरने १२५९ मध्ये दिली, तीही नाइटांना. सगळ्या शस्त्रधारी बंधूंना तो १२७८ मध्ये मिळाला. म्हणून माझी स्वारी क्रॅकला हलली आणि शेजारचा सार्जंट (नाइटच्या खालचा शस्त्रधारी बंधू) काळ्यातच राहणार. आठ टोकांचा क्रूस मुद्दाम टाळलाय, या काळाला साधाच शोभतो.

आता तटाचा फोम कापायला घेणार होतो, पण सार्जंटच्या झग्याच्या काळ्यासाठी संदर्भ चाळताना पंथप्रमुख रॉजर द मूलँचे ११८२ चे नियम पुन्हा वाचले आणि बेत फिरला. पंथाच्या जेरुसलेमच्या इस्पितळात चार वैद्य, ऐसपैस खाटा, प्रत्येक खाटेला स्वतःची चादर-पांघरूण. शौचाला जाता-येता रुग्णाला मेंढीच्या कातड्याचा झगा, बूट, लोकरी टोपी. आणि यात्रेकरू बायकांच्या तिथेच जन्मलेल्या बाळांसाठी छोटे पाळणे! तलवारवाले तर सगळेच रंगवतात. तट थांबला. आधी खाट, टोपी घालून डुलत निघालेला रुग्ण आणि त्याचा दंड धरलेला काळ्या झग्यातला बंधू. लालची कटकटच नाही.

पाळणा १:३२ प्रमाणात जेमतेम अडीच सेंटीमीटरचा होईल, तो काडेपेटीच्या काड्यांचा करेन. मेंढीच्या लोकरीसाठी इपॉक्सी पुट्टी अर्धवट सुकली की जुन्या टूथब्रशने टोचून बघतोय. पहिला तुकडा बरा निघालाय, फक्त केस जरा रेड्याचे वाटतात.