आमची वाटचाल : किती टनांचा एसी?

सुरुवातीला आम्ही दोघंच होतो, मी आणि माझा भागीदार. दोघंही एसी दुरुस्तीतून वर आलेलो. गिऱ्हाइकानं खोली दाखवली की टेप लावायची, चौरस फूट काढायचे, ठरलेल्या आकड्यानं भागायचं आणि टन सांगून मोकळं व्हायचं. मनात धाकधूक असायची, म्हणून वर अर्धा टन टाकायचा. कमी पडला तर फोन येतो, जास्त झाला तर कोण तक्रार करतंय, असा आमचा हिशेब.

तक्रार आली ती एका वाचनालयातून, ऐन दमट दिवसांत. थर्मामीटर 22 अंश दाखवत होता आणि ग्रंथपालबाई म्हणत होत्या, "इथं ओल्या टॉवेलात गुंडाळल्यासारखं वाटतं." टेबलावरच्या नोंदवहीची पानं कडेला लाटांसारखी उठली होती. मी घड्याळ लावून बसलो. कॉम्प्रेसर सुरू झाला की चार मिनिटांत बंद. आर्द्रतामापक 70 टक्क्यांच्या वर. खोली झटकन गार व्हायची आणि मशीन थांबायचं. कॉइलवर, म्हणजे आतल्या गार नळ्यांवर, जमलेलं पाणी ड्रेनमधून बाहेर जाईपर्यंत ते चालतच नव्हतं. उलट पंखा चालूच असल्यामुळे तेच पाणी वाफ होऊन पुन्हा खोलीत यायचं. दोनपैकी एक युनिट आम्ही पदरमोड करून उतरवलं. उरलेलं सलग चालू लागलं आणि बाईंचे फोन थांबले.

त्यानंतर आम्ही हीट लोड, म्हणजे खोलीतून किती उष्णता बाहेर काढायची आहे ते, काढायला शिकलो. एका जुन्या इंजिनिअरनं ई-20 शीट, म्हणजे या हिशेबाचा छापील तक्ता, भरायला बसवलं : भिंती, काच, छत, माणसं, दिवे, यंत्रं, बाहेरची ताजी हवा, प्रत्येकाची वेगळी ओळ. तोवर 1 टन म्हणजे नक्की काय, हेही आम्हाला धड माहीत नव्हतं! 2000 पौंड बर्फ 24 तासांत वितळायला लागते तेवढी उष्णता. तासाला 12,000 बीटीयू (हे उष्णता मोजायचं एकक), म्हणजे साधारण साडेतीन किलोवॉट. शांत बसलेली 30 माणसं मिळून जवळजवळ तेवढीच उष्णता सोडतात. चौरस फुटांच्या हिशेबात ही माणसं कुठेच नव्हती.

पुढे संगणक आला आणि वेगळीच फजिती झाली. सॉफ्टवेअर दोन दशांशांपर्यंत उत्तर देतं, त्यामुळे ते खरंच वाटतं. एका कार्यालयाच्या बैठकीच्या खोलीत आमच्याकडे कामाला असलेला मुलगा सकाळी 11 ला माप घेऊन आला. मोठी काच सावलीत होती, त्यानं दिशा न बघताच ती उत्तरेची म्हणून टाकली. नशीब, ऑर्डर जाण्याआधी मी दुपारी 4 ला सहज डोकावलो. काच पश्चिमेची होती, टेबलावर हात ठेववत नव्हता. नव्यानं मांडलं तर साडेपाच टन निघाले. मग मालकांना सांगितलं, काचेच्या बाहेरून छज्जा करा. आतला पडदा ऊन अडवतो खरा, पण तोपर्यंत उष्णता घरात आलेली असते. छज्जा झाला आणि 4 टनांत भागलं. भागीदार आठवडाभर कुरकुरत होता, दीड टनाची विक्री गेली म्हणून. त्याचंही चूक नव्हतं, तेव्हा हात तंगच होता.

मोठ्या इमारतीत आणखी एक गंमत असते. पूर्वेच्या खोल्या सकाळी तापतात, पश्चिमेच्या संध्याकाळी. प्रत्येक खोलीच्या सर्वांत जास्त उष्णतेच्या आकड्यांची बेरीज करून मध्यवर्ती यंत्रणा घेतली तर ती कधीच पूर्ण भरानं चालत नाही. म्हणून आम्ही तासवार तक्ता मांडतो. वेळखाऊ काम, त्याचे वेगळे पैसे मागायला आम्हाला बरीच वर्षं जीभ रेटली नाही.

आता आम्ही सात जण आहोत. नव्या मुलाला टेपबरोबर होकायंत्रही मिळतं.

गेल्या महिन्यात त्याच वाचनालयाच्या वरच्या मजल्याचं काम आलं. डोक्यावर उघडा स्लॅब. तो दिवसभर तापतो आणि वाचक येतात त्या संध्याकाळीच उष्णता खाली सोडतो. बाईंनी दोनदा विचारलं, "किती टन?" आकडा अजून दिलेला नाही, संध्याकाळची फेरी व्हायची आहे.